ऑर्बिट चुकलंय की पृथ्वीचं फिरणं? यूटी१ची चूक कशी पकडायची

मागे एका कामात जीपीएसच्या सगळ्या सॅटेलाइट्सचं एका दिवसाचं ऑर्बिट आमच्याकडे आलं. ते इनर्शियल फ्रेममध्ये होतं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबाने न फिरणाऱ्या चौकटीत, मग ते मी पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या फ्रेममध्ये आणलं आणि आयजीएसच्या (सॅटेलाइट्सची अचूक ऑर्बिट काढून फुकट देणारी आंतरराष्ट्रीय सेवा) फायनल ऑर्बिटशी ताडून बघितलं तर प्रत्येक सॅटेलाइट आपल्या वाटेवर साधारण १ मीटर मागे, सगळेच्या सगळे मागे, आणि वाटेच्या आडव्या दिशेला १.४ मीटरपर्यंत लाटेसारखं इकडून तिकडे. उंचीत मात्र फरक जवळपास नाहीच, काही सेंटिमीटर. मी जवळपास दोन आठवडे सूर्यप्रकाशाच्या दाबाचं मॉडेल उलटंपालटं करत बसलो. चूक तिथे नव्हतीच. सॅटेलाइट बरोबर जागी होते, पृथ्वी किती फिरली हा आकडा, म्हणजे यूटी१, जुना होता.

हे दोन आठवडे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. जीएनएसएसवर (जीपीएस, नाविक अशा सगळ्या यंत्रणांचं एकत्र नाव) प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, क्यूबसॅटवाले म्हणजे छोटे सॅटेलाइट बनवणारे, पीपीपी (एकाच रिसीव्हरने अचूक जागा काढणं) करून बघणारे सर्व्हेवाले, सगळ्यांना कधी ना कधी हे लागतंच.

आधी काही आकडे पाठच करा

पृथ्वी सेकंदाला ०.००००७२९२११५ रेडियन फिरते. म्हणजे १ मिलिसेकंदात साधारण १५ मिलिआर्कसेकंद (नेमकं १५.०४; अंशाचा ३६००वा भाग म्हणजे आर्कसेकंद, त्याचा हजारावा भाग मिलिआर्कसेकंद). कोन ऐकायला अगदी बारीक वाटतो पण त्याला त्रिज्येने गुणलं की खरं चित्र दिसतं. विषुववृत्तावर जमिनीला हा कोन ४६.५ सेंटिमीटर होतो, जीपीएसच्या ऑर्बिटला, त्रिज्या सुमारे २६,५६० किलोमीटर, १.९४ मीटर, आणि भूसमकालिक ऑर्बिटला, त्रिज्या ४२,१६४ किलोमीटर, ३.०७ मीटर. आपलं नाविक, भारताची जीपीएससारखी यंत्रणा, या तिसऱ्या गटात येतं, त्याचे सगळे सॅटेलाइट भूस्थिर किंवा २९ अंश कललेल्या भूसमकालिक ऑर्बिटमध्ये ठेवायचं डिझाइन आहे, त्यामुळे तेवढ्याच मिलिसेकंदाच्या चुकीला नाविकचं ऑर्बिट जीपीएसपेक्षा दीडपटीहून जास्त सरकतं. पुण्यात बसलेल्यांसाठी जमिनीवरचा आकडा ४४ सेंटिमीटर, कारण १८.५ अंश अक्षांशाचा कोसाइन लावायचा.

ध्रुवाच्या, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या टोकाच्या, चुकीसाठी दुसरा आकडा (तो का हलतो ते पुढे येतं). १ मिलिआर्कसेकंद म्हणजे जमिनीवर ३.१ सेंटिमीटर, जीपीएसच्या उंचीवर १२.९ सेंटिमीटर आणि नाविकच्या उंचीवर २०.४ सेंटिमीटर.

एवढे आकडे डोक्यात असले की अर्ध्या चुका नुसत्या ग्राफकडे बघून ओळखता येतात, हे मी अनुभवाने सांगतोय.

पृथ्वी घड्याळासारखी फिरत नाही, मग आपण काय करतो

यूटी१ म्हणजे पृथ्वी खरोखर किती फिरली ते सांगणारा वेळ, आणि यूटीसी म्हणजे अणुघड्याळांवर चालणारा आपला रोजचा वेळ. दोन्हीतला फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२पासून लीप सेकंद टाकले जातात, आत्तापर्यंत २७ टाकले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ला. दिवसाची लांबी ८६,४०० सेकंदांपेक्षा किती जास्त किंवा कमी आहे ते म्हणजे एलओडी, ते मिलिसेकंदात मोजतात आणि रोजचा एलओडी साठत साठत यूटी१ सरकतो. ५ जुलै २०२४चा दिवस १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला होता. कारण विचाराल तर वारे, समुद्राची भरती-ओहोटी, पृथ्वीच्या पोटातला द्रवरूप गाभा असं बरंच काही, त्यात आठवड्या-महिन्यांच्या हिशोबात वाऱ्यांचा वाटा सगळ्यात मोठा. २०११च्या जपानच्या भूकंपाने दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला असं गणित नासाच्या जेपीएलमधून आलं होतं आणि त्याची बातमी जगभर झाली, पण त्याच्या शेकडो पट बदल वारे दर ऋतूला करतात आणि त्याची बातमी होत नाही.

याशिवाय पृथ्वीचा अक्ष जमिनीच्या तुलनेत स्वतःच थोडा भटकतो, याला पोलर मोशन म्हणतात. त्यात एक वर्षभराची लाट आणि एक सुमारे ४३३ दिवसांची चँडलरची लाट, दोन्ही मिळून ०.३ आर्कसेकंदांपर्यंत जातं, म्हणजे ध्रुवाजवळ ९ मीटरच्या आसपास.

हे सगळं मोजून आकडे देणारी संस्था म्हणजे आयईआरएस. या आकड्यांना ईओपी म्हणतात, म्हणजे ध्रुवाचे एक्स-वाय, यूटी१ वजा यूटीसी, आणि आकाशातल्या ध्रुवाच्या दोन बारीक दुरुस्त्या, असे पाच. दर गुरुवारी बुलेटिन ए येतं, वॉशिंग्टनच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीतून, त्यात पुढच्या एका वर्षाचं प्रेडिक्शनसुद्धा असतं. पॅरिसहून महिन्याला बुलेटिन बी येतं आणि सी०४ नावाची लांबलचक मालिका पण तिथलीच, जुन्या तारखांसाठी तीच वापरायची.

जत्रेतली चक्री

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जत्रेत घोड्यांची चक्री असते ना, त्यावर बसलेली पोरं एकमेकांमधलं अंतर कितीही बारकाईने मोजोत, अख्खी चक्री मैदानाच्या हिशोबात किती फिरली ते त्यांना त्या मापातून कधीच कळणार नाही. त्यासाठी बाहेरचा देवळाचा कळस बघावा लागतो. सॅटेलाइट्सचं तसंच आहे. अख्खी कॉन्स्टेलेशन पृथ्वीच्या अक्षाभोवती थोडी फिरवली तरी सॅटेलाइट्समधली आपापसातली अंतरं बदलत नाहीत, म्हणून नुसत्या आपापसातल्या लिंकवर ऑर्बिट ठरवलं तर हे फिरणं अदृश्य राहतं. जीपीएसच्या ब्लॉक टू-आर या पिढीच्या सॅटेलाइट्समध्ये ऑटोनॅव्ह नावाची सोय होती, जमिनीशी संपर्क तुटला तरी १८० दिवस आपापसात मोजून चालवायचं असा विचार होता, आणि तिथे हीच अडचण मोठी होती. चीनच्या बैडू-३च्या सॅटेलाइट्समध्ये आपापसातल्या लिंक आहेत, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही, जमिनीवरचं एखादं स्टेशन किंवा चांगलं ईओपी प्रेडिक्शन हवंच.

जमिनीवरची स्टेशनं असली तरी यूटी१ पूर्ण सुटत नाही. ऑर्बिटचा नोड (ऑर्बिट विषुववृत्ताची पातळी ओलांडतं ती जागा) आणि यूटी१ एकमेकांना चिकटलेले असतात, नोड पूर्वेला गेला की पृथ्वी कमी फिरली हे जीएनएसएसच्या मापांतून वेगळं करता येत नाही. जीएनएसएस ध्रुवाची जागा उत्तम देतं, एलओडी देतं, पण यूटी१चा पाया व्हीएलबीआयकडून, म्हणजे एकमेकांपासून लांबच्या रेडिओ दुर्बिणींनी एकच स्रोत बघण्याच्या पद्धतीकडून, घ्यावा लागतो. तिथे क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं, हाच कळस. हवाईतलं कोकी आणि जर्मनीतलं वेट्झेल अशा लांबच्या जोड्या जवळपास रोज तासाभराचं सेशन करतात ते एवढ्यासाठी.

जाताना जो चष्मा, येताना तोच

आता लोक इथे हमखास चुकतात, मीही चुकलो. समजा ऑर्बिट ठरवताना तुम्ही १ मिलिसेकंद चुकीचा यूटी१ वापरलात. स्टेशनं पृथ्वीवर घट्ट बसलेली आहेत आणि मापं त्यांच्यापासून आहेत, त्यामुळे फिट करताना, म्हणजे ऑर्बिट मापांशी जुळवताना, इनर्शियल ऑर्बिटचा नोड तेवढाच सरकून चूक गिळून टाकतो, आणि परत पृथ्वीच्या फ्रेममध्ये येताना तोच चुकीचा यूटी१ वापरला की चूक वजा होऊन जाते. पृथ्वीच्या फ्रेममध्ये ऑर्बिट बरोबर! म्हणजे फिटच्या कालावधीत यूटी१ची स्थिर चूक जवळपास दिसतच नाही.

दिसते ती दोन ठिकाणी. एक, जाताना एक ईओपी आणि येताना दुसरं वापरलं तर पूर्ण फरक जसाच्या तसा ऑर्बिटमध्ये उतरतो. दोन, प्रेडिक्शनमध्ये, कारण फिट संपल्यानंतर यूटी१ची चूक जेवढी *बदलली* तेवढी पुढच्या ऑर्बिटमध्ये येते, म्हणजे खरा गुन्हेगार एलओडीचं प्रेडिक्शन. एलओडी ०.१ मिलिसेकंदाने चुकलं तर एका दिवसाने जीपीएसचं ऑर्बिट साधारण १९ सेंटिमीटर फिरलेलं असतं.

म्हणूनच आयजीएस ऑर्बिटबरोबर स्वतःची ईआरपी फाइल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचे आपले आकडे, देतं. त्यांचं ऑर्बिट इनर्शियलमध्ये न्यायचं असेल तर त्याच फाइलमधले आकडे घ्या, दुसरीकडचे नकोत. आणि तुम्ही कुणाला इनर्शियल ऑर्बिट पाठवत असाल तर कृपया बरोबर ईओपी कुठलं आणि कुठल्या तारखेचं ते लिहून पाठवा. शक्य असेल तर पृथ्वीच्या फ्रेममध्येच पाठवा, भानगडच नको.

फोर्स मॉडेलमधून (सॅटेलाइटवर कुठली बलं किती लागतात त्याचा हिशोब) पण थोडी चूक येते, गुरुत्वाकर्षणाचं क्षेत्र चुकीच्या कोनात धरलं जातं म्हणून, पण मिलिसेकंदाच्या पातळीवर ती इतकी लहान की त्यात वेळ घालवू नका. पोलर मोशन पूर्ण शून्य धरलं तर मात्र तिचाही विचार करावा लागतो.

आता हात लावा: एका संध्याकाळचा प्रयोग

आयजीएसच्या फायनल ऑर्बिटची एका दिवसाची एसपी३ फाइल (ऑर्बिट देण्याचा ठरलेला फॉरमॅट) घ्या. नासाच्या सीडीडीआयएस नावाच्या डेटा केंद्रावर फुकट लॉगिन करून मिळते. त्यात दर १५ मिनिटाला प्रत्येक सॅटेलाइटचे एक्स, वाय, झेड किलोमीटरमध्ये असतात, पृथ्वीच्या फ्रेममध्ये, आणि वेळ जीपीएसचा असतो. जीपीएसचा वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा.

मग आयईआरएसच्या अर्काइव्हमधून त्या तारखेच्या १० दिवस आधीचं बुलेटिन ए काढा. हे महत्त्वाचं, कारण फायनल्स नावाची जी रोज अपडेट होणारी फाइल असते तिच्यात जुनं प्रेडिक्शन पुसून नवं मोजमाप येतं, त्यामुळे आजच्या फाइलमधून तेव्हाचं प्रेडिक्शन कळत नाही. जुन्या बुलेटिनमधून तुमच्या तारखेचा प्रेडिक्शनचा आकडा घ्या, सी०४मधून खरा घ्या, वजाबाकी करा. यूटी१चा फरक मिळाला, ध्रुवाच्या एक्स आणि वायचा फरक मिळाला.

पहिल्या फेरीत मोठं सॉफ्टवेअर उघडू नका. यूटी१चा फरक सेकंदात घ्या, पृथ्वीच्या वेगाने गुणा, रेडियनमध्ये छोटा कोन मिळतो. नवा एक्स म्हणजे जुना एक्स अधिक कोन गुणिले वाय, नवा वाय म्हणजे जुना वाय वजा कोन गुणिले एक्स, झेड तसाच. दिशा अशी लक्षात ठेवा की यूटी१ जास्त धरला म्हणजे पृथ्वी जास्त फिरली असं धरलं, त्यामुळे सॅटेलाइट नकाशावर पश्चिमेला सरकलेला दिसतो. उलटं दिसलं तर चिन्ह चुकलंय, इथेच थांबून दुरुस्त करा.

आता फरक तीन दिशांना तोडा: त्रिज्येच्या दिशेने, वाटेच्या दिशेने आणि वाटेला आडवा. सॅटेलाइटची जागा आणि वेग यांच्यावरून हे तीन अक्ष निघतात, फक्त वेग इनर्शियल घ्या, पृथ्वीच्या फ्रेममधला घेतलात तर वाटेची दिशाच वाकडी येते आणि खालचे आकडे जुळत नाहीत.

काय दिसायला हवं ते आधीच सांगतो. त्रिज्येच्या दिशेने शून्य, कारण फिरवल्याने लांबी बदलत नाही. वाटेच्या दिशेने जवळपास स्थिर आकडा, त्रिज्या गुणिले कोन गुणिले कलाचा (ऑर्बिट विषुववृत्ताशी किती तिरकं आहे त्या कोनाचा) कोसाइन. आडवा फरक एका फेरीत एक लाट मारणार, तिची उंची कलाच्या साइनने. जीपीएसचा कल ५५ अंश, म्हणजे १ मिलिसेकंदाला वाटेवर १.११ मीटर आणि आडवी लाट १.५९ मीटरपर्यंत, ११ तास ५८ मिनिटांची. नाविकच्या २९ अंशवाल्यांना वाटेवर २.६९ आणि आडवं १.४९. भूस्थिर सॅटेलाइटला सगळंच्या सगळं वाटेवर, ३.०७ मीटर, आडवं जवळपास काही नाही. हे आकडे आले की तुमचा कोड बरोबर.

प्रेडिक्शन किती चुकेल याचा अंदाज बुलेटिन एमध्येच छापलेला असतो, आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. यूटी१साठी ०.०००२५ सेकंद गुणिले दिवसांचा ०.७५ घात, ध्रुवासाठी ०.०००६८ आर्कसेकंद गुणिले दिवसांचा ०.८ घात. १० दिवसांना हे १.४ मिलिसेकंद येतं, म्हणजे जमिनीवर ६५ सेंटिमीटर, जीपीएसला २.७ मीटर, नाविकच्या उंचीला ४.३ मीटर. ४० दिवसांना ४ मिलिसेकंद, म्हणजे जमिनीवर १.९ मीटर, जीपीएसला ७.७ आणि नाविकच्या उंचीला १२.३ मीटर. प्रत्यक्षात बऱ्याचदा यापेक्षा बरं निघतं, एक-दोन दिवसांसाठी तर खूपच बरं, पण प्लॅनिंग करताना हाच आकडा धरलेला बरा.

दुसऱ्या फेरीत पूर्ण साखळी करा, पृथ्वीच्या फ्रेममधून खऱ्या ईओपीने इनर्शियलमध्ये आणि प्रेडिक्शनच्या ईओपीने परत. पायथनवाल्यांना अ‍ॅस्ट्रोपाय ही लायब्ररी पुरते, जरा गंभीर काम असेल तर ओरेकिट ही ऑर्बिटच्या गणिताची लायब्ररी घ्या. पहिल्या फेरीचा आणि या फेरीचा निकाल मिलिमीटरच्या आसपास जुळला पाहिजे, फक्त पहिल्या फेरीत ध्रुवाचा फरक पण घातला असेल तर. नसेल जुळत तर बहुतेक वेळा खालच्यापैकी काहीतरी झालेलं असतं.

एकक. फायनल्सच्या फाइलमध्ये ध्रुव आर्कसेकंदात, यूटी१ सेकंदात, पण एलओडी मिलिसेकंदात असतं. आयजीएसच्या ईआरपी फाइलमध्ये ध्रुव आर्कसेकंदाच्या दशलक्षांशात आणि यूटी१ सेकंदाच्या कोटीव्या भागात. शिवाय आयईआरएसचे आकडे मध्यरात्रीचे, ० वाजताचे, आणि आयजीएसच्या रोजच्या ईआरपीतले दुपारी १२चे. हा अर्धा दिवस विसरलात आणि त्या दिवसाचं एलओडी १ मिलिसेकंद असेल तर अर्धा मिलिसेकंद म्हणजे जीपीएसला १ मीटरच्या जवळ चूक, आणि ती अगदी खऱ्या चुकीसारखी दिसते, संशयही येत नाही.

इंटरपोलेशन करताना यूटी१ वजा यूटीसी थेट घेऊ नका, लीप सेकंदाला तिथे १ सेकंदाची पायरी असते, आधी टीएआयच्या, म्हणजे लीप सेकंद नसलेल्या अणुघड्याळाच्या वेळेच्या, हिशोबात न्या मग मधला आकडा काढा. आणि दिवसातून एक-दोन वेळा होणारे भरती-ओहोटीचे छोटे बदल रोजच्या आकड्यांत नसतात, ते आयईआरएसच्या मॉडेलमधून वरून टाकायचे असतात. यूटी१मध्ये दहा-वीस-पन्नास मायक्रोसेकंद आणि ध्रुवात अर्ध्या मिलिआर्कसेकंदाच्या आसपास, म्हणजे जीपीएसच्या उंचीवर ५ ते १० सेंटिमीटर. ओरेकिटमध्ये फ्रेम मागतानाच हे धरायचं की नाही ते सांगावं लागतं. अ‍ॅस्ट्रोपायला फाइलच्या बाहेरची तारीख दिली तर सेटिंगप्रमाणे ते थांबतं किंवा नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं. ती वॉर्निंग वाचा, बंद करू नका.

चुकीच्या मापावरून चूक ओळखणं

जीपीएसच्या ऑर्बिटला पूर्व-पश्चिम ३५ किलोमीटर फरक आला तर १८ सेकंद, जीपीएसचा वेळ यूटीसी समजून वापरलाय. ३७ किलोमीटर आला तर १९ सेकंद, टीएआय आणि जीपीएसची गल्लत. ७२ किलोमीटर म्हणजे ३७ सेकंद, टीएआयला यूटीसी मानलंय. १३४ किलोमीटर म्हणजे ६९.१८४ सेकंद, टीटी (खगोलगणितात वापरतात तो वेळ) वापरलाय. हे आकडे विषुववृत्त ओलांडतानाचे, बाकी ठिकाणी अक्षांशाच्या कोसाइनने कमी होतात. दहा-वीस-चाळीस मीटर आणि त्यात उत्तर-दक्षिण भागसुद्धा असेल तर पोलर मोशन विसरलंय किंवा चिन्ह उलटं लावलंय. शंभर मीटरच्या आसपास, निव्वळ पूर्व-पश्चिम, तर यूटी१ वजा यूटीसी शून्य धरलेलं असण्याची शक्यता जास्त, ५० मिलिसेकंदाला ९७ मीटर होतात.

आणि एक वेगळीच चूक जी लोक यात मिसळतात. सिग्नल सॅटेलाइटपासून रिसीव्हरला यायला ७० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, तेवढ्यात पृथ्वी फिरते, ते धरलं नाही तर तुमची जागा ३० मीटरच्या आसपास पूर्व-पश्चिम सरकते. त्याचा यूटी१शी काही संबंध नाही, तिथे पृथ्वीचा ठरलेला वेग पुरतो, एलओडीचा फरक त्यात दिसणारसुद्धा नाही.

मीटर-दोन मीटरचा फरक असला की खरी परीक्षा. एकाच सॅटेलाइटकडे बघून यूटी१ची चूक ओळखायचा प्रयत्न करू नका. एलओडीची चूक वाटेच्या दिशेने रोज थोडी वाढत जाते आणि ऑर्बिटच्या आकाराची अगदी छोटी चूकही तेच करते. जीपीएसला ऑर्बिटची त्रिज्या फक्त ६ मिलिमीटर चुकली तरी दिवसाला ११ सेंटिमीटर वाटेवर सरकतं, आणि ०.१ मिलिसेकंद एलओडीने वाटेवर तेवढंच सरकतं. ६ मिलिमीटर तुम्हाला गोंगाटात दिसणार नाहीत. पण फोर्स मॉडेलची चूक प्रत्येक सॅटेलाइटला वेगळी असते, कुठल्या ब्लॉकचा आहे, सूर्य कुठे आहे, सावलीत जातो का यावर, आणि यूटी१ची चूक ऑर्बिटच्या सहाच्या सहा प्लेनमधल्या (पातळ्यांमधल्या) सगळ्यांना एकच कोन देते. म्हणून सगळे सॅटेलाइट एकत्र घेऊन दोन ऑर्बिट्समध्ये सात पॅरामीटरचं हेल्मर्ट फिट करा: तीन सरकणं, तीन फिरणं, एक स्केल. झेडभोवतीचं फिरणं यूटी१चं, एक्स आणि वायभोवतीचं ध्रुवाचं. फिट केल्यावर उरलेला फरक एकदम खाली आला तर चूक फिरण्याची. नाही आला तर जा मग सूर्यप्रकाशाच्या दाबाकडे. दर तासाला वेगळं फिट करून झेडचा कोन वेळेबरोबर चढतोय का तेही बघा, चढत असेल तर एलओडी, सपाट असेल तर यूटी१चा ठोक फरक.

कुणाला फरक पडतो, कुणाला नाही

मोबाइलवर नकाशा बघणाऱ्याला नाही. जीपीएसच्या नेहमीच्या ब्रॉडकास्ट मेसेजमधून सॅटेलाइटची जागा थेट पृथ्वीच्या फ्रेममध्ये निघते, नोडचं रेखांश तसंच ठरवून पाठवलेलं असतं, रिसीव्हरला यूटी१ माहीत असण्याची गरजच पडत नाही. यूटी१चं प्रेडिक्शन कंट्रोल सेगमेंटने, म्हणजे जमिनीवरून सॅटेलाइट सांभाळणाऱ्या यंत्रणेने, आधीच आत मुरवलेलं असतं, आणि अपलोड साधारण रोज होत असल्याने ते शिळं होत नाही. ०.१ मिलिसेकंद चुकलं तरी जमिनीवर ५ सेंटिमीटर, ब्रॉडकास्ट ऑर्बिटची चूकच मुळात मीटरच्या आसपास असते.

गावठाणाचा ड्रोन सर्व्हे किंवा आरटीके (जवळच्या स्टेशनच्या मदतीने जागेवरच अचूक मोजणी) करणाऱ्यांनाही काळजी नाही. कॉर्स स्टेशन, म्हणजे कायम बसवलेला संदर्भ रिसीव्हर, आणि तुमचा फिरता रिसीव्हर म्हणजे रोव्हर, दोघेही एकाच कोनात फिरतात, उरतो तो दोघांमधल्या अंतराचा भाग: ३० किलोमीटरला १ मिलिसेकंदाच्या चुकीने २ मिलिमीटर.

पीपीपीवाल्यांना मात्र पूर्ण बसतं. एकच रिसीव्हर, जवळ दुसरं स्टेशन नाही, प्रेडिक्ट केलेलं ऑर्बिट फिरलेलं असेल तर तुमचं रेखांश तेवढंच फिरतं, आणि रिसिड्युअल, म्हणजे माप आणि हिशोब यातले उरलेले फरक, एकदम स्वच्छ दिसतात कारण सगळे सॅटेलाइट मिळून फिरलेत. सॉफ्टवेअर छान कन्व्हर्ज झालं म्हणून सांगेल. त्यासाठी आयजीएसच्या अल्ट्रा-रॅपिड फाइलमधला पहिला २४ तासांचा मोजलेला भाग आणि नंतरचा २४ तासांचा प्रेडिक्ट केलेला भाग यात फरक करा, दर ६ तासांनी नवी फाइल येते ती घेत राहा.

ज्यांचा सॅटेलाइट स्वतःच स्वतःचं ऑर्बिट काढतो त्यांना सगळ्यात जास्त. खालच्या ऑर्बिटमध्ये, ७,००० किलोमीटर त्रिज्येला, १ मिलिसेकंद म्हणजे अर्धा मीटर. जीपीएस रिसीव्हर पृथ्वीच्या फ्रेममध्ये जागा देतो, आतलं गणित इनर्शियलमध्ये चालतं, मध्ये ईओपी लागतंच. दर वेळी जमिनीवरून फाइल चढवायची गरज नाही, जीपीएसच्या नव्या सीनॅव्ह मेसेजमध्ये ३२ नंबरचा टाइप आणि नाविकमध्ये ११ नंबरचा टाइप ईओपीच घेऊन येतो. रिसीव्हर ते काढून देतो का हे घेण्याआधी विचारा, बरेच देत नाहीत. आणि कोडमध्ये यूटी१ वजा यूटीसी कायम ०.९च्या आत राहील असं पक्कं बसवून ठेवू नका, २०२२च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही मर्यादा २०३५पर्यंत वाढवायची असं ठरलंय.

माझ्या त्या ऑर्बिटचं राहिलंच. दोन आठवड्यांनी शेवटी हेल्मर्ट फिट केलं, सगळे सॅटेलाइट एकत्र. झेडभोवतीचं फिरणं १३.६ मिलिआर्कसेकंद आलं, बाकीचे सहा पॅरामीटर नगण्य, तासातासाचे कोन सपाट. १३.६ भागिले १५.०४ म्हणजे ०.९ मिलिसेकंद. वाटेवर १ मीटर आणि आडवं १.४ मीटर, दोन्ही आकडे त्यात चपखल बसले. पाठवणाऱ्यांना फोन करून विचारलं की इनर्शियलमध्ये नेताना कुठलं बुलेटिन वापरलं होतं, त्यांनी बघून सांगितलं, ९ दिवसांपूर्वीचं. तेवढा कोन उलटा फिरवला आणि उरलेला फरक ४ सेंटिमीटरवर आला.